घरातला दुसरा पगार

सांगलीच्या किंवा नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलीला इन्फोसिसचं ऑफर लेटर आलं की घरात पहिली चौकशी म्हैसूरची होते. तिथल्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत कंपनीचा तीनशेहून अधिक एकरांचा परिसर आहे आणि नव्या भरतीचं प्रशिक्षण तिथेच होतं. 2005 मध्ये हे केंद्र सुरू झालं. राहणं, जेवण, वर्ग, परीक्षा सगळं एकाच आवारात. आईवडील मुलीला गेटपाशी सोडतात, चामुंडी टेकडी आणि राजवाडा पाहतात आणि ‘मुलगी मार्गी लागली’ असं म्हणत परतीच्या गाडीत बसतात.

फेब्रुवारी 2025 मध्ये याच आवारातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवण्यात आलं. अंतर्गत परीक्षेच्या तीन संधी त्यांना मिळाल्या होत्या आणि तिन्हींत ते उत्तीर्ण झाले नाहीत, असं कंपनीने सांगितलं. यातल्या अनेकांच्या हातात 2022 पासून ऑफर लेटर होतं आणि प्रत्यक्षात रुजू व्हायला 2024 चा ऑक्टोबर उजाडला होता. पुण्यातून काम करणाऱ्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार नेली. ही मुलं कायम कर्मचारी की प्रशिक्षणार्थी, हा त्या वादातला कळीचा मुद्दा होता. पत्रावर ‘ट्रेनी’ छापलेलं असतं, तोवर नोकरीची सुरक्षितता पुढच्या परीक्षेवर अवलंबून असते. घरोघरी हे आधी वाचलं जायला हवं होतं.

पण एवढ्यावरून मोठ्या कंपनीची नोकरी वाईट ठरत नाही. ठरलेल्या तारखेला पगार, मूळ पगारातून बारा टक्के भविष्य निर्वाह निधी आणि मालकाकडून तेवढीच भर, कुटुंबाचा आरोग्य विमा, पाच वर्षांनी ग्रॅच्युइटीचा हक्क. गृहकर्ज देताना बँक हेच पाहते. त्याबदल्यात माणूस एका मोठ्या यंत्रणेतलं छोटंसं काम वर्षानुवर्षं करतो. पगारवाढ अप्रेझलवर, बढती वरच्या जागेवर आणि प्रोजेक्ट संपला की बेंचवर, म्हणजे पुढच्या कामाची वाट पाहत. ज्या घरात हा एकच पगार येणार आहे, तिथे पहिली चार-पाच वर्षं हा सौदा चांगला आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. कॉर्पोरेट नोकरीला गुलामी म्हणणारी भाषणं ऐकून राजीनामा देणाऱ्या मुलांना ती भाषणं पगार देत नाहीत.

स्टार्टअपमधल्या नोकरीचं गणित मात्र नीट उलगडून पाहायला हवं, कारण तिथेच सर्वाधिक फसगत होते. ऑफरमध्ये रोख पगार थोडा कमी आणि सोबत ‘ईसॉप’, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा हक्क. समजा, चार हजार ईसॉप मिळाले, खरेदीचा भाव दहा रुपये, वाटप चार वर्षांत. पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर हाती शून्य. वर्ष भरलं की एक हजारांचा हक्क मिळतो. ते घ्यायचे तर दहा हजार रुपये भरायचे. त्या वेळी शेअरची किंमत चारशे रुपये धरली गेली असेल, तर उरलेले 3 लाख 90 हजार रुपये त्या वर्षाचं पगारी उत्पन्न मानलं जातं. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला त्यावर 1 लाख 17 हजार रुपये कर आणि वर उपकर. पैसा हातात आलेला नाही, शेअर बाजारात विकता येत नाही आणि कर मात्र भरायचा आहे. 2020 च्या अर्थसंकल्पाने हा कर काही काळ पुढे ढकलण्याची सवलत दिली, पण ती आयकर कायद्याखालील विशेष प्रमाणपत्र मिळालेल्या स्टार्टअपपुरतीच.

आणखी एक कलम कर्मचाऱ्याला सहसा कुणी दाखवत नाही. गुंतवणूकदाराने शंभर कोटी घातले असतील आणि कंपनी विकली गेली तर आधी त्याचे पैसे परत, अशी अट बहुतेक करारांत असते. कंपनी नव्वद कोटींना विकली गेली, तर बातमीत ‘नव्वद कोटींचा सौदा’ येतो आणि चार वर्षं रात्री जागवणाऱ्या इंजिनिअरच्या वाट्याला काहीच येत नाही.

दोन्ही टोकं भारताने पाहिली आहेत. 2021 मध्ये चेन्नईत वाढलेली फ्रेशवर्क्स अमेरिकेत नॅस्डॅकवर नोंदली गेली, तेव्हा तिचे पाचशेहून अधिक कर्मचारी कोट्यधीश झाले. 2022 मध्ये बायजूज या बंगळुरूच्या कंपनीचं मूल्य 22 अब्ज डॉलर मानलं गेलं आणि जुलै 2024 मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांकडे ईसॉपची पत्रं होती. म्हणून रोख पगारावर घर चालत असेल तरच ही नोकरी घ्यावी. शेअर मिळाले तर ती वरकमाई. पंचविशीत या नोकरीतून जे शिकायला मिळतं ते मात्र खरं असतं. ग्राहकाचा फोन, सर्व्हरचा बिघाड, पैशाची वसुली, सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं.

स्वतःची कंपनी काढण्याबद्दल बोलताना सगळे इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांचं नाव घेतात, आणि म्हैसूरचा त्यांच्यावर हक्कच आहे. म्हैसूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगमधून ते 1967 मध्ये पदवीधर झाले. पण त्यांची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. अहमदाबादच्या आयआयएममध्ये नोकरी केल्यावर त्यांनी सत्तरच्या दशकात ‘सॉफ्ट्रॉनिक्स’ नावाची कंपनी काढली आणि ती दीड वर्षात बंद पडली. मग त्यांनी पुण्यात पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये नोकरी धरली. पुढे इन्फोसिसचे सहसंस्थापक झालेल्या नंदन निलेकणींची मुलाखत त्यांनी घेतली ती याच नोकरीत. इन्फोसिसचे सातही संस्थापक पटणीतून आले. परदेशी ग्राहकासाठी सॉफ्टवेअर कसं लिहायचं, माणसं कशी निवडायची, हे ते दुसऱ्याच्या पगारावर शिकले होते.

जुलै 1981 मध्ये पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली. भांडवल दहा हजार रुपये आणि तेही त्यांच्या पत्नी सुधा मूर्तींच्या बचतीतलं. लग्नाआधीच्या या सुधा कुलकर्णी टेल्कोत इंजिनिअर होत्या. त्या वेळी मूर्ती चौतीस वर्षांचे होते आणि 1980 मध्ये जन्मलेली मुलगी पदरात होती. तीन वर्षं घर सुधाताईंच्या पगारावर चालेल, तेवढ्यात कंपनी उभी करायची, असं नवरा-बायकोत ठरलं. सुधाताईंनी पुढे वालचंद समूहातही नोकरी केली. मूर्तींच्या धाडसावर ढीगभर लिहिलं गेलं आहे. ते धाडस ज्या पगारावर उभं होतं त्याची नोंद एका किश्श्यापुरतीच होते. हा अन्याय आहे, आणि तो नव्या मुलांचं नुकसानही करतो. घरात दुसरा पगार नसताना ते मूर्तींची नक्कल करायला जातात.

पुढची वाटही लांब होती. परवान्यांच्या काळात संगणक आयात करण्यासाठी दिल्लीच्या खेपा, टेलिफोनसाठी प्रतीक्षा. 1989 मध्ये संस्थापकांपैकी अशोक अरोरा बाहेर पडले. 1993 मध्ये 95 रुपयांनी शेअर विक्रीला काढला तर तो पुरता खपलाही नाही.

म्हैसूरचं दुसरं उदाहरण महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नाही. रमेश कुन्हीकण्णन यांनी 1988 मध्ये या शहरात केन्स टेक्नॉलॉजी सुरू केली. इतर कंपन्यांसाठी इलेक्ट्रॉनिक सर्किट जोडून देण्याचं काम. चकचकीत ॲप नाही. त्यांच्या पत्नी सविता याही पुढे व्यवसायात आल्या. कंपनी शेअर बाजारात आली नोव्हेंबर 2022 मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी. पाच वर्षांत कंपनी विकून मोकळं होण्याचे बेत आखणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यासमोर ठेवावा.

आज कंपनी नोंदवणं सोपं झालं आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर प्रायव्हेट लिमिटेडला किमान भांडवलाची अट उरली नाही. दोन संचालक आणि दोन भागधारक पुरतात, एकट्यालाही वेगळ्या प्रकारची कंपनी काढता येते. पण ‘लिमिटेड’ शब्दाने घर वाचतं असं समजू नये. नव्या कंपनीला कर्ज देताना बँक सहसा संचालकाची वैयक्तिक हमी मागते, आणि त्या कागदावर सही झाली की कंपनी बुडाल्यावर वसुली घरापर्यंत येते. ही सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी तो कागद वाचावा, आणि पुढची तीन वर्षं किराणा, भाडं, मुलांची फी कुणाच्या पगारातून जाणार हे त्याच बैठकीत नावानिशी ठरवावं.