परमुलखातील केशकर्तन

माणूस आपला गाव सोडून परमुलखात राहावयास गेला म्हणजे घर, शेजार, पाणी आणि भाकरी यांची चिंता तो पहिल्या दिवसापासून वाहतो. एका गोष्टीचा मात्र त्याला विसर पडलेला असतो. तीन-चार आठवडे लोटतात, केस कानांवर उतरू लागतात आणि एका सकाळी आरसाच तिची आठवण करून देतो. डोक्यावरील केस महिन्याला सुमारे अर्धा इंच वाढतात. माणूस कोठे राहतो, याच्याशी त्या वाढीला कर्तव्य नसते. मग एके दिवशी अनोळखी बाजारात, अनोळखी दुकानात, अनोळखी खुर्चीवर बसून, ज्याचे नावही ठाऊक नाही अशा माणसापुढे मान खाली घालावी लागते आणि त्याचा वस्तरा मानेवरून फिरू द्यावा लागतो. परक्या गावावर टाकलेला हा पहिला विश्वास असतो.

स्वतःच्या गावी हा प्रश्न कधी उद्भवत नाही. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला न्हावी काखेत धोकटी मारून घरोघर जात असे, त्या काळी त्याला काही सांगावे लागत नसे. आजच्या दुकानातही, जेथे बापाबरोबर मुलगाही लहानपणापासून जात आला आहे, तेथे 'नेहमीसारखे' एवढा एक शब्द पुरतो. त्या एका शब्दात पुष्कळ माहिती साठविलेली असते. भोवरा कोठे आहे, कोणत्या कानामागे जुन्या जखमेचा वण आहे, कोणत्या बाजूचे केस उभे राहतात, कपाळावर किती केस आलेले घरच्यांना खपतात, हे सारे त्या कारागिराच्या बोटांना ठाऊक असते. परमुलखात गेलेला माणूस कात्रीला मुकत नाही. कात्री सर्वत्र आहे. तो मुकतो ते या स्मरणाला. म्हणून तेथे केस चांगले कापले जाणे हे जितके कारागिराच्या हातावर, तितकेच एकमेकांना समजून घेण्यावर अवलंबून असते.

परमुलूख म्हटला की समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, घाट चढून गेल्यावर जे पठार लागते, त्यावर बैहर हा तालुक्याचा गाव आहे. तेथे आगगाडी जात नाही. एका बाजूस कान्हाचे अरण्य आणि दुसऱ्या बाजूस मलाजखंडची तांब्याची खाण. १९५६ च्या प्रांतरचनेपर्यंत नागपूर आणि बालाघाट एकाच प्रांतात होते. त्यानंतर नागपूर निराळ्या राज्यात गेले, तरी नोकरीनिमित्त होणारे येणे-जाणे थांबले नाही. १९८२ साली हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीचे काम मलाजखंडला सुरू झाले आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे या रानात येऊन राहिली. शाळा, बँक, जंगलखाते यांच्या बदल्यांनीही मराठी कुटुंबे येथे येतात.

नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या माणसाला वाटते, आपल्याला हिंदी येते. केस कापण्याच्या खुर्चीवर बसल्यावर त्या हिंदीची परीक्षा होते. मराठी माणूस 'भांग उजवीकडे' असे सांगू पाहतो, पण हिंदीत भांग म्हणजे पिण्याची भांग. डोक्यावरच्या रेषेला तेथे 'माँग' म्हणतात. कारागीर विचारतो, 'दाएँ?' हा शब्द मराठी कानाला 'डावे' असा ऐकू येतो आणि त्याचा अर्थ मात्र 'उजवे' असा असतो. मराठी माणसाची 'मान' हिंदीत 'गर्दन' होते, कारण तेथे मान म्हणजे सन्मान. त्याचे 'कल्ले' येथे 'कलम' होतात. दोन्ही भाषा एकाच लिपीत लिहिल्या जातात, पुष्कळ शब्द सारखे आहेत, आणि नेमके त्या सारखेपणातच फसगत होते. अगदी परकी भाषा असती तर माणूस सावध राहिला असता. ओळखीच्या वाटणाऱ्या भाषेत तो बेसावध असतो आणि मग महिनाभर टोपी घालून हिंडतो.

या अडचणीतून सुटण्याचा मार्ग साधा आहे. जेथे शब्द दगा देतात तेथे बोट दगा देत नाही. तीन ठिकाणे बोटाने दाखवावीत: भांग कोठे, कल्ले कोठवर, आणि मानेवरची रेघ कोठे. चौथी गोष्ट लांबीची. येथे 'किती कापू?' आणि 'किती ठेवू?' हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, हे लक्षात ठेवावे. एक बोटभर कापावयास सांगितलेले आणि एक बोटभरच ठेवलेले, यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. केस दोन बोटांत धरून 'एवढे राहू द्या' असे दाखविले म्हणजे वाद उरत नाही. आणि अधिक ठेवावयास सांगण्यात शहाणपणा आहे, कारण राहिलेले केस पुन्हा कापता येतात, कापलेले जोडता येत नाहीत.

'चांगले' कशाला म्हणावे, हाही प्रश्न आहेच. बैहरच्या परिसरात गोंड आणि बैगा हे आदिवासी समाज पूर्वापार राहतात. बैगा पुरुष परंपरेने केस कापीतच नसत. लांब केसांची मागे गाठ बांधणे हे त्यांच्या डोक्याचे भूषण असे. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या समाजाचे तपशीलवार वर्णन केले आहे. ज्या बाजारात एकाला केस न कापणे शोभून दिसते, त्याच बाजारात खाणीवरच्या दुसऱ्याला ते बारीक कापलेले शोभतात. प्रत्येक मुलखातील कारागिराचा डोळा त्या मुलखातील डोक्यांवर तयार झालेला असतो. नवख्याने काही न सांगता डोळे मिटून घेतले, तर उघडल्यावर त्याला आरशात त्या गावचा माणूस दिसतो. त्यात कारागिराचा दोष नाही. न सांगितलेले त्याने आपल्या सवयीने भरून काढलेले असते.

अशाच कुटुंबांतील मुले पुढे शिक्षणासाठी नागपूर-पुण्यास जातात आणि तेथून काहीजण जर्मनी, जपान किंवा अमेरिकेत जातात. तेथे हाच धडा मोठ्या प्रमाणावर गिरवावा लागतो. अमेरिकेतील लिओ वॉल यांनी १९१९ साली विजेवर चालणाऱ्या केस कापण्याच्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज अशी यंत्रे जगभर आहेत. त्यांवर बसविण्याच्या फण्यांना क्रमांक असतात, आणि ते इंचाच्या अष्टमांशावर बेतलेले असतात. एक क्रमांक म्हणजे अष्टमांश इंच, सुमारे ३ मिलिमीटर. दोन म्हणजे ६, तीन म्हणजे सुमारे १०, चार म्हणजे अर्धा इंच किंवा सुमारे १३, आणि आठ म्हणजे पुरा इंच, सुमारे २५ मिलिमीटर. जर्मनीसारख्या देशात मोजमाप मिलिमीटरमध्ये सांगण्याची रीत आहे. तेथे कोणी नुसते 'तीन' म्हणाला आणि त्याच्या मनात तीन क्रमांक असला, तर दहाऐवजी तीन मिलिमीटर केस शिल्लक राहतात. आकड्यापुढे माप उच्चारण्याचा कंटाळा केला की ही वेळ येते.

केसांची प्रकृतीही समजून घेतली पाहिजे. ओला केस ताणला जातो आणि लांब दिसतो, वाळल्यावर तो आखडतो. कुरळ्या केसांत हा फरक विशेष जाणवतो. म्हणून कुरळ्या केसांच्या माणसाने ओल्या केसांवर लांबी ठरवू नये. भोवऱ्यावरचे केस फार आखूड केले तर ते उभे राहतात, हे नव्या कारागिराला आधी सांगावे. सरळ आणि जाड केसांची सवय असलेल्या हाताला कुरळ्या केसांचा अंदाज लवकर येत नाही, आणि याच्या उलटही घडते. परदेशात आपल्यासारख्या केसांची माणसे कोणत्या दुकानात जातात, हे पाहून दुकान निवडणे यासाठीच हिताचे. केस कापून दहा-बारा दिवस झालेल्या माणसाला विचारावे. पहिल्या दिवशी सगळेच कापणे बरे दिसते, खरी कसोटी नंतर लागते. आपले केस मनासारखे कापलेले असतील तेव्हा पुढून, बाजूने आणि मागून छायाचित्रे काढून मोबाईलमध्ये जपून ठेवली, तर तीच परमुलखात दुभाष्याचे काम करतात.

रीतिभाती निराळ्या असतात त्याही माहीत हव्यात. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी केशकर्तनालये सोमवारी बंद असतात, उत्तरेकडे मंगळवारी. जर्मनीतही सोमवारी दुकान बंद ठेवण्याची जुनी चाल आहे. तेथे पुष्कळ दुकानांत आधी वेळ ठरवून जावे लागते. अमेरिकेत ठरलेल्या दरावर शेकडा १५ ते २० इतकी बक्षिशी देण्याचा प्रघात आहे. जपानमध्ये बक्षिशी देत नाहीत. तोक्योत १९९६ साली दहा मिनिटांत, एक हजार येनमध्ये केवळ केस कापून देणारे एक दुकान निघाले आणि पुढे त्याच्या अनेक शाखा झाल्या. तेथे बोलण्याचे काम फारच थोडे. आपल्याकडील चंपी आणि गप्पा यांची सवय असलेल्याला ते रुक्ष वाटेल, पण भाषा न येणाऱ्याला ते सोयीचेही वाटेल. एक पथ्य मात्र सर्व देशांत सारखे आहे. वस्तऱ्यात नवे पाते समोर घालून घ्यावे. वापरलेल्या पात्यावरील रक्ताच्या सूक्ष्म अंशातून काविळीचे काही प्रकार पसरू शकतात. हे मागण्यात संकोच नको आणि ऐकणाऱ्याने रागावण्याचेही कारण नाही.

येथवर सांगितलेल्या अडचणी समजुतीने सुटणाऱ्या आहेत. एक अडचण मात्र अशी आहे की तिच्यापुढे बोट दाखवून भागत नाही. महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टरी करीत असता प्रिटोरियातील एका गोऱ्या न्हाव्याकडे गेले. त्याने त्यांचे केस कापण्यास तुच्छतेने नकार दिला. गांधींनी बाजारातून केस कापण्याचे यंत्र विकत घेतले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःच केस कापले. पुढचे कसेबसे जमले, मागचे बिघडले. न्यायालयात सोबतचे वकील पोट धरून हसले. ही हकीकत त्यांनी आपल्या आत्मकथेत सांगितली आहे, आणि तिचा शेवट लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. काळ्या माणसाचे केस कापले तर त्याची गोरी गिऱ्हाइके तुटण्याचा संभव होता. आणि आपल्या देशात आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांचे केस कापू देत नाही, मग हे त्याचेच फळ नव्हे काय, असा विचार त्यांच्या मनात आला. परदेशातील अपमानाने त्यांना स्वदेशातील अन्यायाची आठवण करून दिली.

स्वतःच्याच गावात ज्याला खुर्ची मिळत नव्हती, त्याला घर न सोडता परमुलखाचा अनुभव येत होता. राज्यघटनेचा १५ वा अनुच्छेद दुकानांत प्रवेश करण्यास जातीवरून बंदी करता येणार नाही असे सांगतो. १९४८ च्या नोव्हेंबरात घटनासमितीत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावयाचा असल्याचे स्पष्ट केले. जो कोणी सेवा देऊ करतो, त्याची सेवा मागावयास येणाऱ्यास मिळाली पाहिजे, केवळ आत पाऊल टाकू देणे पुरेसे नाही, असा त्यांचा आशय होता. १९५५ च्या कायद्याने असा नकार हा गुन्हा ठरला. तरीही काही खेड्यांतून अशा नकाराच्या तक्रारी आजही ऐकू येतात. परदेशात कोणी आपल्या रंगाकडे पाहून खुर्ची नाकारली तर जो संताप येतो, तोच आपल्या गावच्या दुकानाकडे पाहतानाही जागा असला पाहिजे.

महाराष्ट्रातील नाभिक समाज ज्यांना आपले मानतो ते संत सेना महाराज उत्तरेच्या परंपरेप्रमाणे बांधवगडच्या राजाचे न्हावी होते. बांधवगड हे आजच्या मध्य प्रदेशातच आहे. त्यांच्या नावावर मराठी अभंग आहेत आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही त्यांचे एक पद आहे. दोन मुलखांनी आणि तीन भाषांनी आपला म्हणून सांगितलेला हा कारागीर होता. अनोळखी माणसाचे मस्तक विश्वासाने हाती घेणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्यात असा संत निपजावा यात नवल नाही.

म्हणून परमुलखात पहिल्या खेपेस केस मनासारखे कापले गेले नाहीत तर दुकान बदलण्याची घाई करू नये. पहिली खेप ही ओळख असते. काय चुकले ते न रागावता सांगावे, आणि महिन्याने पुन्हा त्याच खुर्चीवर बसावे. दुसऱ्या खेपेस कारागिराला भोवरा आठवतो, तिसऱ्या खेपेस कल्ले. मग एके दिवशी बैहरच्या बाजारात किंवा सातासमुद्रापलीकडच्या एखाद्या गल्लीत तो कापड अंगावर टाकता टाकता विचारतो, 'नेहमीसारखेच ना?' त्या दिवशी तो मुलूख परका राहत नाही.