सोमाली चाचेगिरीचा मागोवा : २००८ ते २०२४

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बर्रे यांची राजवट कोसळल्यानंतर सोमालियात केंद्रीय सत्ता म्हणावी अशी व्यवस्था उरली नाही, आणि सुमारे तीन हजार किलोमीटरच्या किनाऱ्यावर गस्त घालणारे कोणी नसल्यामुळे परदेशी ट्रॉलरांनी तेथील मासळी बिनदिक्कत ओढून नेली. त्यांना अडवण्याच्या नावाखाली हत्यारे हाती घेतलेल्या टोळ्या पुढे खंडणीच्या धंद्यात उतरल्या. मासेमारांच्या गाऱ्हाण्यात तथ्य होते, परंतु २००५ नंतर या धंद्यात पैसा गुंतवणारे सावकार आणि टोळीप्रमुख हे काही मासेमार नव्हते, ही बाब सोमाली चाचेगिरीविषयी सहानुभूतीने लिहिणाऱ्यांच्या नजरेतून अनेकदा सुटते.

२००८ च्या सप्टेंबरात तेहतीस रणगाडे वाहून नेणारे ‘फैना’ हे जहाज आणि नोव्हेंबरात सुमारे वीस लाख पिंप तेल भरलेले ‘सिरियस स्टार’ हे सौदी महाकाय जहाज चाच्यांनी पळवले, तेव्हा मोठ्या राष्ट्रांना या प्रश्नाचे गांभीर्य पुरते उमगले. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक करारानुसार एका खासगी जहाजावरील लोकांनी खासगी लाभासाठी खुल्या समुद्रात, म्हणजे कोणत्याही देशाच्या प्रादेशिक समुद्राबाहेर, दुसऱ्या जहाजावर केलेला हल्ला म्हणजे चाचेगिरी, आणि अशा चाच्यांना कोणतेही राष्ट्र पकडू शकते. परंतु चाचे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत शिरले की हा अधिकार संपत असे. सुरक्षा परिषदेने या अपहरणांच्या आधीच, जून २००८ मधील १८१६ क्रमांकाच्या ठरावाने, सोमालियाच्या संक्रमणकालीन सरकारच्या संमतीने, ही मर्यादा तात्पुरती उठवली आणि सहकार्य करणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना सोमाली प्रादेशिक समुद्रातही कारवाईची मुभा दिली. त्यानंतर युरोपीय संघाची ‘अटलांटा’ मोहीम, अमेरिकेच्या पुढाकाराने उभे राहिलेले बहुराष्ट्रीय दल आणि नाटोचे पथक एडनच्या आखातात दाखल झाले. भारत, चीन आणि रशिया यांनी मात्र आपापल्या नौका स्वतंत्रपणे पाठवल्या.

खुल्या समुद्रात चाचे आणि ओलीस एकाच जहाजावर असतात, तेव्हा बळाचा वापर किती अवघड होतो, हे नोव्हेंबर २००८ मध्ये दिसून आले. भारतीय नौदलाच्या ‘तबर’ने चाच्यांची मातृनौका, म्हणजे लहान होड्यांना दूर समुद्रात आधार देणारे जहाज, समजून एक नौका बुडवली. ती थायलंडच्या मालकीची, चाच्यांनी बळकावलेली मासेमारी नौका निघाली. तिच्यावरील ओलीस खलाशांपैकी एकजण काही दिवसांनी समुद्रात जिवंत सापडला, बाकीच्यांपैकी कोणी जिवंत सापडले नाही. नौकेवरून धमक्या आल्या, गोळीबार झाला आणि स्वसंरक्षणार्थ उत्तर द्यावे लागले, अशी नौदलाची भूमिका होती व ती अविश्वसनीय नाही. तरीही त्या खलाशांचे नाव या मोहिमेच्या गौरवगाथांत क्वचितच येते, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

गस्त वाढली तसे चाचे पूर्वेकडे सरकले. जहाज-उद्योगाने आखलेले ‘अतिजोखमीचे क्षेत्र’ २०१० मध्ये ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत, म्हणजे भारताचा पश्चिम किनारा कवेत घेईल इतके वाढवण्यात आले. त्यामुळे विम्याचे दर चढले आणि सशस्त्र पहारा बाळगणारी जहाजे भारतीय मासेमारांच्या नेहमीच्या पट्ट्यातून जाऊ लागली. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरील नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मासेमार ठार झाले आणि त्या खटल्याने भारत व इटली यांचे संबंध कित्येक वर्षे नासवले. क्षेत्राची सीमा मागे नेऊन ६५ अंशांवर आणण्यास डिसेंबर २०१५ उजाडावा लागला.

युद्धनौकांहून अवघड प्रश्न होता तो पकडलेल्या माणसांचे काय करायचे हा. भारतात चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदाच नव्हता. १९९९ मध्ये पळवलेले ‘अलॉन्ड्रा रेनबो’ हे जपानी जहाज नौदल व तटरक्षक दलाने सोडवले, मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना शिक्षाही ठोठावली, परंतु २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते सुटले. तरीही २०११ मध्ये नौदलाने पकडून मुंबईला आणलेल्या शंभराहून अधिक सोमालींवर सर्वसाधारण फौजदारी कायद्यांखालीच खटले चालवावे लागले.

या अटकेची किंमत सात भारतीय खलाशांनी मोजली. सप्टेंबर २०१० मध्ये पळवलेल्या ‘अस्फाल्ट व्हेंचर’ या डांबरवाहू जहाजासाठी एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोहोचली, आणि प्रघाताप्रमाणे जहाज व खलाशी दोन्ही सुटायला हवे होते. चाच्यांनी जहाज सोडले, पंधरांपैकी आठ जणांना जाऊ दिले आणि उरलेल्या सात जणांना किनाऱ्यावर उतरवून घेतले. मुंबईच्या तुरुंगातील आपले साथीदार सोडा, अशी त्यांची मागणी होती. खासगी व्यवहाराला अशा रीतीने राजनैतिक ओलीसनाट्याचे रूप आले. मागणी मान्य करणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते, पण जहाजमालकाचा संबंध संपल्यावर वाटाघाटी कोणी करायच्या, याचे समाधानकारक उत्तरही मिळाले नाही. ते सात जण ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस सुटले, तेव्हा त्यांच्या कैदेला चार वर्षे उलटून गेली होती. व्यापारी जहाजांवर राबणारे बहुसंख्य खलाशी भारत, फिलिपिन्स, बांगलादेश यांसारख्या देशांचे असतात आणि जहाजांचे ध्वज मात्र अनेकदा पनामा वा लायबेरियाचे. या विभागणीत खलाशाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय व्यवस्थेने टाळलेला आहे.

२०११ नंतर हल्ले झपाट्याने घटले. नाटोने २०१६ मध्ये मोहीम आवरली आणि मार्च २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेची परवानगीही संपली. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे नौदलांचे लक्ष तांबड्या समुद्राकडे वळताच चाचे पुन्हा बाहेर पडले. डिसेंबरात पळवलेल्या ‘रुएन’ या जहाजावर मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाची ‘कोलकाता’ युद्धनौका आणि विमानातून समुद्रात उतरवलेले नौदलाचे मार्कोस कमांडो यांनी सुमारे चाळीस तासांची कारवाई केली, सतरा खलाशांची सुटका केली आणि पस्तीस चाच्यांना मुंबई पोलिसांच्या स्वाधीन केले. या वेळी मात्र २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा हाताशी होता. त्याच महिन्यात तेवीस बांगलादेशी खलाशांसह पळवलेल्या ‘अब्दुल्ला’ या कोळसावाहू जहाजाच्या मागावर युरोपीय संघाची युद्धनौका होती, परंतु बळाचा वापर झाला नाही. मालक कंपनीने वाटाघाटी केल्या आणि एप्रिलच्या मध्यावर, महिनाभराच्या कैदेनंतर, तेवीसही जण सुखरूप सुटले.