संगणक बंद, पण फोटो शाबूत

घरचा संगणक सुरू होईना, की जीव कासावीस होतो तो आतल्या फोटोंसाठी. धीर धरा. बिघाड अनेकदा पॉवर सप्लाय, रॅम किंवा विंडोजमध्ये असतो. डिस्कवरचा डेटा जागच्या जागी असतो. म्हणूनच घाईघाईने विंडोज पुन्हा टाकून घेऊ नका. जुन्या फायलींच्या जागी नवं काही लिहिलं गेलं, की त्या कायमच्या गेल्या.

दुसऱ्या संगणकावर उबंटू लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करा आणि बंद संगणक त्यावरून सुरू करा. ‘इन्स्टॉल’ नव्हे, ‘ट्राय’ निवडा. फोल्डर दिसले, की लगेच बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. संगणकात धुगधुगीच नसेल, तर डिस्क काढून केबलने दुसऱ्या संगणकाला जोडता येते.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र यातलं काहीही करू नका. घरगुती हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला साधारण ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड! हेड घासलं, तर डेटा धरून ठेवणारा थरच खरवडला जातो. ताबडतोब वीज तोडा आणि डिस्क तज्ज्ञांकडे द्या. फ्रीजरमध्ये ठेवण्याचे प्रयोग नकोत. आत दव धरतं.

आणखी एक. डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय शाबूत डिस्कही उघडत नाही. संगणक चालू आहे तोवरच ती कागदावर उतरवून ठेवा.