पोळी आणि टाळी

ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. वैद्यकही या मोहातून सुटलेले नाही. १९६५ साली अमेरिकेतील साखर-उद्योगाच्या संशोधनसंस्थेने हार्वर्डच्या संशोधकांकडून एक समीक्षा लिहवून घेण्यासाठी ६,५०० डॉलर ठरविले. ती १९६७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. तिने हृद्रोगाचा दोष चरबीवर ठेवला, साखरेला सांभाळून घेतले; या पैशाचा उल्लेख मात्र केला नाही. जुन्या पत्रव्यवहारावरून ही गोष्ट २०१६ साली उजेडात आली. हितसंबंध जाहीर करण्याचा त्या नियतकालिकाचा नियमच मुळी १९८४ चा.

पैसा घेतला म्हणून निष्कर्ष खोटाच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पैसा कोणाचा हे कळले, तर वाचक निष्कर्ष पारखून घेतो. ते लपविणे म्हणजे तराजू पडद्याआड ठेवून माल तोलणे होय.