अंगणातली चिनाई मेंदी

गुडघे कुरकुरू लागले, वाकणे कठीण झाले की अनेक ज्येष्ठांच्या हातून बाग सुटते. आपल्याही घरी अशी वेळ आली असेल, तर चिनाई मेंदीचा विचार अवश्य करावा. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेल्या ताम्हणाची ही धाकटी बहीण; मेंदी आणि डाळिंबही याच कुळातली. चुणीदार पाकळ्यांची गुलाबी, जांभळी वा पांढरी फुले उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत झुबक्यांनी येतात. झुडपाला काटे नसतात. वयोमानाने नाजूक झालेल्या त्वचेला ओरखड्यांचे भय त्यामुळे कमी.

दिवसाचे सहा तास तरी ऊन लाभेल अशी जागा निवडावी. सावलीत फुले रोडावतात आणि पानांवर भुरी धरते. मोठी कुंडी आधी विटांच्या भक्कम ओट्यावर ठेवावी आणि मगच माती, शेणखत व थोडी वाळू घालून भरावी; म्हणजे भार उचलावा लागत नाही आणि पुढे वाकावेही लागत नाही. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये; डेंग्यू पसरवणारे डास तिथेच वाढतात. ओल्या फरशीवरून पाय घसरतो, तेव्हा सांडलेले पाणी लगेच पुसावे.

फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून हिवाळा सरता सरता छाटणी करावी. झुडूप खांद्यापेक्षा उंच वाढू देऊ नये. मग स्टुलावर चढण्याचा मोह होत नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर कात्री घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावी. सुकलेले तुरे मात्र आपण खुडावेत. त्याने पुन्हा बहर येतो आणि बोटांनाही सौम्य व्यायाम घडतो.

एक इशारा महत्त्वाचा. ताम्हणाच्या पानांचा काढा मधुमेहावर घेण्याची प्रथा आहे. मधुमेहाची औषधे चालू असताना असा काढा घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वैद्यकीय सल्ल्याविना या झाडांचे काहीही पोटात घेऊ नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, स्मरणशक्ती क्षीण झालेल्या आजी-आजोबांनाही या कामात वाटा द्या. सकाळच्या कोवळ्या उन्हात झारीभर पाणी घालणे एवढे छोटे काम असले, तरी रोज कोणीतरी आपली वाट पाहत आहे, ही जाणीव त्यातून मिळते.