समुद्रापार गेलेले चार वादक

आमच्या घरी हल्ली तिन्हीसांजेस माडीवर विजेची गिटार वाजू लागते, आणि खाली देवघरात सांजवात लावणाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. हा गोंगाट थांबवावा असा हुकूम सोडण्याचा अधिकार घरातील वडीलधारे या नात्याने आमचाच. आणि आयुष्य शाळेत घालविल्यामुळे हुकूम सोडण्याची सवयही अंगी मुरलेली. तथापि ज्यास बंदी करावयाची ते आहे तरी काय, याची आधी चौकशी करणे न्यायाचे, असे मनात येऊन आम्ही ती केली. तीत आम्हांस चार माणसे भेटली. १९६५ च्या जानेवारीत ही चौघे अमेरिकेतून जपानात वादनाच्या दौऱ्यावर गेली. संचाचे नाव 'द व्हेंचर्स'. त्यांचा परिचय वाचकांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम त्यांच्या विद्येविषयी दोन शब्द. फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवर स्वार होण्याचा जो खेळ, त्यास 'सर्फिंग' म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर या खेळात रमलेल्या तरुणांपुढे १९६१ च्या सुमारास डिक डेल नावाचा डावखुरा वादक गिटार वाजवू लागला व त्यातून 'सर्फ संगीत' उदयास आले. डेलचे पितृकुल लेबनॉनचे. पूर्व भूमध्य समुद्राकडील 'मिसिर्लू' ही जुनी धून त्याने १९६२ साली विजेच्या गिटारीवर अशा द्रुत आघातांनी वाजविली की, ज्यांनी सतारीवरील झाला ऐकला आहे त्यांस तिची कल्पना सहज यावी. याच सुमारास लिओ फेंडर यांच्या कारखान्याने एक पेटी काढली. तीत गिटारीचा नाद तारेच्या वेटोळ्यांतून फिरवून घेत व तो गुहेत घुमल्यासारखा बाहेर पडे. लाट फुटून मागे सरते तेव्हाचा जो ओला घुमारा, तो या पेटीमुळे तारांत उतरला. पुढे या संगीतात गाणारी पथकेही झाली. परंतु त्याचा मूळ प्रवाह निव्वळ वाद्यांचा. शार्ङ्गदेवाने गीत, वाद्य व नृत्य या तिहींस मिळून संगीत म्हटले आहे. त्यांतील मधल्यानेच येथे सारा भार उचलला.

आता आमचे चौघे. मौज अशी की, त्यांतील एकही लाटेवर स्वार होणारा म्हणून प्रसिद्ध नव्हता. डॉन विल्सन यांचा जन्म १९३३ चा, वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा गावचा. त्यांच्या वडिलांचा मोटारी विकण्याचा धंदा होता. तेथे १९५८ साली ओक्लाहोमात जन्मलेले बॉब बोगल मोटार पाहावयास आले, आणि बोलता बोलता दोघांसही गिटारीचा नाद असल्याचे निघाले. बोगल गवंडीकाम करीत. त्यांनी विल्सन यांसही त्याच कामावर लावून घेतले. दिवसा विटाचुन्यात हात घालावयाचे व रात्री स्वस्तात घेतलेल्या जुन्या गिटारी छेडावयाच्या, असा त्यांचा क्रम. ध्वनिमुद्रिका काढण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा विल्सन यांच्या मातोश्री जोसी विल्सन यांनी स्वतःच 'ब्लू होरायझन' नावाची लहानशी संस्था काढून ती प्रसिद्ध केली. त्या धुनेचे नाव 'वॉक, डोन्ट रन', म्हणजे 'चाला, पळू नका'. हे वाक्य आम्ही शाळेच्या ओसरीत किती वेळा उच्चारले असेल, त्याची गणती नाही! जॉनी स्मिथ या वादकाची ही रचना १९६० साली या गवंड्यांच्या हातून अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या स्थानावर जाऊन बसली.

तिसरे नोकी एडवर्ड्स. जन्म १९३५ चा, तोही ओक्लाहोमातला. ते संचात आले तेव्हा मुख्य गिटार बोगल यांच्याकडे होती व एडवर्ड्स खर्जाची गिटार धरीत. परंतु एडवर्ड्स यांचा हात आपल्याहून अधिक तयार आहे हे ओळखून बोगल यांनी मुख्य वाद्य त्यांच्या स्वाधीन केले व आपण खर्जाकडे वळले. ज्या वाद्यावर नाव झाले ते आपल्याहून गुणवानास देऊन मागच्या जागी बसणे किती जणांस साधते, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

चौथे मेल टेलर, तालवाद्यांचे धनी. जन्म १९३३ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. हे १९६२ च्या सुमारास संचात आले, आणि चौकडी पुरी झाली.

जपानची वाट मात्र त्याआधीच उघडली होती. १९६२ साली प्रथम बोलावणे आले, तेव्हा यजमानांस चौघांचा खर्च पेलण्यासारखा नव्हता. म्हणून विल्सन व बोगल हे दोघेच गेले आणि बाकीची साथ तेथील वादकांकडून घेतली. १९६५ च्या जानेवारीत मात्र चौघे मिळून गेले. बरोबर कोलोरॅडोतील, म्हणजे समुद्रापासून शेकडो कोस दूर डोंगराच्या पायथ्याशी वाढलेले 'द ॲस्ट्रोनॉट्स' हे सर्फ-पथक होते. सागर न पाहताही सागराचे संगीत वाजविता येते, याचा हा आणखी एक दाखला.

आणि जपान भारून गेला. या संगीतात शब्दच नसल्याने इंग्रजी न जाणणाऱ्या श्रोत्यांचे काहीच अडले नाही. 'पाइपलाइन'सारख्या धुनांत कोमल गांधाराची जी करुण छटा आहे, ती तेथील मनास जवळची वाटली. पोरे गिटारी विकत घेऊ लागली, गल्लोगल्ली पथके निघाली. विजेच्या गिटारीस तेथे 'एलेकी' असे लाडके नाव पडले, आणि त्याच वर्षअखेरीस कायामा यूझो या नटाचा याच वाद्याभोवती गुंफलेला चित्रपटही झळकला.

साहजिकच वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडल्या. १९६५ च्या ऑक्टोबरात आशिकागा शहराच्या शिक्षणमंडळाने विद्यार्थ्यांस एलेकीची बंदी केली, व इतर ठिकाणच्या शाळांनीही तोच कित्ता गिरविला. अभ्यास बुडेल, मुले वाईट संगतीस लागतील, ही त्यांची भीती. आम्ही येथे प्रामाणिकपणे कबूल करतो की, त्या मंडळावर आम्ही असतो तर त्या हुकुमावर पहिली सही आमची असती.

परंतु पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बंदीने वाद्य थांबले नाही. तेराउची ताकेशी या जपानी वादकाने त्याच एलेकीवर आपल्या देशातील लोकगीतांच्या धुना वाजविल्या, आणि शामिसेन या परंपरागत तंतुवाद्याचे बोल नव्या तारांतून निघू लागले. पाहुण्यांनीही केवळ टाळ्या घेऊन घरची वाट धरली नाही. त्यांनी जपानी मनास रुचतील अशा चाली बांधल्या. त्यांवर जपानी शब्द चढले. गिंझा या टोकियोतील पेठेवरचे गीत १९६६ साली आले, आणि क्योतोच्या प्रेमावरील नागिसा यूको यांचे गीत १९७० साली घरोघर गेले. ज्यांना बिघडविणारे म्हटले, त्यांच्याच चाली त्या देशाची आपली गाणी झाली! २०१० साली जपान सरकारने 'उगवत्या सूर्याचा' बहुमान देऊन या वादकांचा गौरव केला. बंदीपासून बहुमानापर्यंत पंचेचाळीस वर्षे लागली.

आपण या गोष्टीस हसू नये. बाजाची पेटीही परदेशातूनच आली. मराठी रंगभूमीने तिला पोटाशी धरले. तरी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, व ती सुमारे तीस वर्षे टिकली. त्या काळात भजनाला वा नाटकाला पेटी वाजावयाची राहिली काय? पेटीत श्रुतींचा दोष आहे, हे आक्षेपकांचे म्हणणे खोटे नव्हते. पण दोष दाखविणे निराळे आणि दार लावून घेणे निराळे.

चौघांपैकी आज कोणीही हयात नाही. मेल टेलर १९९६ साली वारले व त्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव लिऑन बसले. बोगल २००९ साली, एडवर्ड्स २०१८ साली आणि अखेरीस विल्सन २०२२ साली निवर्तले. एडवर्ड्स यांच्यानंतर बरीच वर्षे मुख्य गिटार वाजविणारे गेरी मॅगी यांस तर २०१९ साली जपानच्या दौऱ्यावर असतानाच मरण आले. पूर्वी आपल्याकडे समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. या माणसांनी समुद्र इतक्या वेळा ओलांडला की, पलीकडचा तीरही त्यांना घरासारखा झाला. १९६५ साली ज्या पोरांच्या हातून शिक्षकांनी गिटारी काढून घेतल्या, ती आज आजोबा झाली असतील, आणि त्यांपैकी कित्येकांची बोटे अजून त्याच धुनांवरून फिरत असतील.

आमच्या माडीविषयी सांगून लेख पुरा करतो. बंदीचा हुकूम आम्ही सोडला नाही. दोन अटी मात्र घातल्या. सांजवात व परवचा आटोपेपर्यंत वाद्यास हात लावावयाचा नाही. आणि जी धून घेतली ती अर्धवट न सोडता शेवटपर्यंत शुद्ध वाजवावयाची. नातवाने दोन्ही मान्य केल्या व विचारले, "आजोबा, पहिली कोणती घेऊ?"

"ती 'चाला, पळू नका'," आम्ही म्हणालो. "आणि बाळ, नावाप्रमाणे जरा सावकाश घे."