उघडी पिशवी

परवा मेळघाटात सेमाडोहच्या नाक्यावर मी आपणहून पिशवी उघडून धरली. वनरक्षक हसला, "राहू द्या काका, कशाले?"

ही सवय २६ नोव्हेंबर २००८ची. दहा दहशतवाद्यांनी मुंबईत १६६ जीव घेतले. दारोदार झडती आली, राष्ट्रीय तपास संस्था स्थापन झाली, पाकिस्तानशी चाललेली बोलणी थांबली. आणि बँकेत बसलेला मी, काही खातेदारांची नावे वाचून कागद दोनदा तपासू लागलो.

त्याच दिवसांत मुंबईच्या बडा कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना मूठभर मातीही नाकारली. धर्म कुठे संपतो, हे त्यांनी ठणकावून सांगितले. बातमी वाचून मी खजील झालो.

पिशवी खुशाल तपासा; नाव तपासणारी नजर मात्र मला अजून पुरती पुसायची आहे.